चुली किती?

नाथाजी निकम गणपती पेठेत स्टोव्हची पिन घ्यायला उभा होता, एवढंच. लीलानं सकाळी दोनदा बजावलं होतं, की आज पिन आली नाही तर संध्याकाळी चुरमुरे खाऊन झोपायचं. म्हणून कॉलेज सुटल्यावर सायकल कडेला टेकवून तो दुकानाच्या फळीशी थांबला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या कोपराला धरलं. धरणारा हात मनगटाच्या वरपर्यंत पिवळा होता. हळदीच्या वखारीत निवडणीला जाणाऱ्या बायकांचे हात असेच असतात, घासले तरी तो रंग जात नाही. "वळाकलं न्हाई व्हय?" म्हातारी म्हणाली. त्यानं ओळखलं नव्हतं, पण ओळखल्यासारखं हसला, शिकलेली माणसं हसतात तसं. मग तिनंच सांगितलं, की ती धोंडुबाई, नदीकाठच्या वस्तीतली, मूळची आटपाडीकडची. "आवं, तुमीच की आमची चूल कागदावर मांडून नेलीसा." बरोबरच्या बाईला तिनं पुढं ओढलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की हेच ते चुलीवालं साहेब, तीन ल्योक, तीन सुना, नातवंडांचं लेंढार, आणि चूल एक, हे आता सरकारात मांडलेलं आहे, कुणाला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघून यावं. ती दुसरी बाई खट होती. तिनं विचारलं, मग तुझ्या लेकांच्या खोपटांवर रोज धूर निघतो तो काय विड्यांचा? धोंडुबाईला राग आला नाही. अडाण्याला समजवावं तसं ती म्हणाली, "त्यो धोंड्यांचा. तीन धोंडं मांडून भगुलं ठेवलं म्हंजी ती काय चूल न्हवं, बये. चूल माजी." मग त्याच्याकडं वळून, "व्हय का न्हाई, साहेब?" नाथाजी व्हय म्हणाला. दुकानदारानं पुढं केलेली पिन त्यानं घेतली, पैसे दिले, आणि सुटे परत घ्यायचे विसरून सायकलकडं वळला.

तीन धोंडं म्हणजे चूल नव्हं. सायकल हातात धरून तो चालत राहिला, वर बसायचं सुचलं नाही. गेल्या दुष्काळात आटपाडीकडची, जतकडची मेंढकं आपली मेंढरं मिळेल त्या भावानं विकून आणि उरलेली माळावर मरायला टाकून सांगलीला आली होती. बाया हळदीला लागल्या, बाप्ये मार्केट यार्डात हमालीला, आणि पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या अगदी पोटात, त्यांची वस्ती उठली. श्रावणात कृष्णा फुगली की वस्ती पाण्यात जायची आणि माणसं गाडग्यामडक्यांसकट रस्त्यावर येऊन बसायची. त्यांना मिरजेच्या अंगाला उंच माळावर जागा द्यायचं नगरपालिकेनं काढलं, आणि किती जागा लागेल ते मोजून द्यायचं काम ताम्हणकर सरांनी कॉलेजसाठी मागून घेतलं. सर अर्थशास्त्राचे प्रमुख, नाथाजी त्यांच्या हाताखालचा. सर म्हणायचे, गरिबाच्या बाजूनं भाषणं पुष्कळ झाली, आता त्याच्या बाजूनं आकडे उभे करू. नाथाजीला हे मनापासून पटलं होतं, अजूनही पटत होतं, आणि तीच तर पंचाईत होती. सरांनी प्रश्न लिहिला होता, 'कुटुंबे किती?' तेव्हा हा हसला होता. म्हणाला होता, सर, खेड्यातल्या गड्याला कुटुंबं किती म्हणून विचारलंत तर तो लाजेल नाहीतर मारायला उठेल. आमच्याकडं कुटुंब म्हणजे बायको. मग काय विचारायचं? तर चुली विचारायच्या. एका चुलीवर जेवतात ते एक घर. सरांनी चष्मा काढून त्याच्याकडं बघितलं आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, ह्याला म्हणतात मातीतला माणूस. झालं. मातीतला माणूस आठवडाभर फुगून हिंडत होता. त्यानंच कॉलेजच्या पोरांना शिकवून वस्तीत नेलं, त्यानंच अहवालाचं शेवटचं वाक्य लिहिलं: एका चुलीस एक जागा द्यावी, व उरलेली वस्ती मोडून नदीकाठ मोकळा करावा.

वाक्य किती सुबक होतं, आणि ते लिहिताना त्यानं 'व' घातला होता, 'आणि' नव्हे, म्हणजे सरकारी वाटावं. उत्तरं त्यांनी कार्डांवर चढवली होती, कडेनं भोकं पाडलेली जाड कार्डं. ज्या घराचं उत्तर 'एक चूल' त्याचं ते भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करायचं, मग सगळा गठ्ठा जुळवून त्यातून लीलाची लोकर विणायची सुई आरपार घालायची आणि उचलून हलवायची. उघड्या भोकांची कार्डं टपाटप खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. त्या दिवशी चुलीच्या भोकातून सुई घातली आणि जवळजवळ सगळा गठ्ठाच टेबलावर कोसळला. सुई मोकळी वर आली. सर खूष झाले. एकत्र कुटुंब मोडलं म्हणून ओरडणाऱ्यांना हे दाखवा म्हणाले, आणि पुढच्या परिषदेतल्या आपल्या निबंधाला त्यांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, 'घरोघरी मातीच्या चुली'. नाथाजीनंही टाळी दिली होती. आता त्याला एकेक कार्ड पडताना दिसत होतं, आणि कार्डामागची माणसं. धोंडुबाईच्या तीन लेकांतला एक माळावर जाणार. उरलेल्या दोघांचं काय? त्यांची खोपटी मोडणार, कारण ती कागदावर नाहीतच. आणि एकटी धोंडुबाई थोडीच आहे. प्रत्येक म्हातारीनं छाती पुढं काढून हेच सांगितलं असणार. ज्या घरात माणसं जास्त, जिथं जागा जास्त हवी, तिथंच आकडा लहान झालेला. लोकांचं भलं करायला निघालो आणि त्यांच्याच तोंडून त्यांना बेघर करून आलो, असं वाक्य त्याच्या मनात तयार झालं आणि तेही सुबक वाटून त्याला स्वतःची शिसारी आली.

चालत तो आयर्विन पुलावर आला होता. घर उलट्या दिशेला, पण पाय इकडं वळले. कठड्याला सायकल लावून खाली बघितलं. संध्याकाळची वेळ, वस्तीवर धुरांची गर्दी झालेली. एक धूर पत्र्याच्या फटीतून, एक पोत्याच्या भिंतीमागून, एक उघड्यावरच. तो मोजायला लागला आणि वाऱ्यानं दोन धूर एक झाले, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकलं. मोजायची गरजही नव्हती. आंधळ्यालाही दिसलं असतं, की चुलींपेक्षा धूर फार झाले. तुला ठाऊक होतं, तो स्वतःला म्हणाला. आणि हे खोटं नव्हतं. कराडच्या पलीकडं, कोयनाकाठच्या त्याच्या गावात, तो पोरवयाचा असताना आईचं आणि चुलतीचं बिनसलं होतं. कशावरनं ते कुणालाच नीट आठवत नाही, ताकावरनं म्हणतात. एका सकाळी चुलतीनं मागच्या पडवीत तीन धोंडे मांडले, आईच्या चुलीतला विस्तव मागितला नाही, शेजारनं खापरीवर मागून आणला. आई दारात उभी राहून बघत होती. आळीतल्या बाया येऊन गेल्या, हलक्या आवाजात बोलत, कुणी गेल्यावर येतात तशा. नाथाजी त्या दिवशी उसात जाऊन बसला होता. अंगाला पात कापत होती, तरी बसला. त्यानंतर दोन वर्षांनी का काय शिरगणतीचा मास्तर आला, अंगणात बसला, पाणी प्याला आणि त्यानं विचारलं, आबा, चुली किती? वडिलांच्या पाठीमागं घराच्या कौलांतून दोन धूर निघत होते, दोन, आणि वडील शांतपणे म्हणाले, "चूल एकच हाय की." मास्तरनं वर बघितलं, मग खाली बघितलं, आणि एक मांडली. गावातलाच मास्तर, झाकली मूठ कशाला उघडेल? पोरग्या नाथाजीला तेव्हा किती हायसं वाटलं होतं. सगळं सगळं ठाऊक होतं, आणि टेबलावर हात आपटला गेला त्या क्षणी ते कुठं पळालं कोण जाणे.  खालून शेणकुटांच्या जळणाचा वास वर येत होता. तो वासही त्याच्या ओळखीचा होता आणि आता तोसुद्धा त्याला टोमणा मारत होता.

घरी लीला वाट बघून बघून पेटली होती, स्टोव्ह मात्र नव्हता पेटला. पिन घेऊन तिनं बर्नर टोचला, पंप मारला, आणि त्या फरफर आवाजावर ओरडून ओरडून त्यानं तिला सगळं सांगितलं. लीला साताऱ्याची, शहरातली, शनिवार पेठेतली. तिला कुठलीही गोष्ट आधी गमतीची वाटते आणि मग खरी. ती हसली. म्हणाली, परक्यांच्या चुली मोजायला गेलात, आधी आपली सांगा कुठली ती. तो म्हणाला, हा काय, हा स्टोव्ह. "हा? सासूबाईंना विचारा. परवा पाव्हण्यांना सांगत होत्या, थोरला पलटणीत, धाकटा सांगलीला शिकवायला, पण चूल आमची एकच हाय." लग्न होऊन पाच वर्षं ती ह्या दोन खोल्यांत स्वयंपाक करत होती, आणि दोघांची नावं अजून गावच्या रेशनकार्डावर होती, कमी करायला गेलं तर आई जेवायची नाही. म्हणून रॉकेलसाठी हिला शेजारणीचं तोंड बघावं लागायचं. हे सगळं लीला हसत हसतच बोलली, पण शेवटी हसणं संपलं आणि भाकरी जरा जोरात थापली गेली. नाथाजी भाकरीचा तुकडा हातातच धरून बसला. समजा उद्या कुणी कात्री घेऊन आपलं कार्ड कापलं, तर आपण दोघं कुठं पडू? गावच्या एका चुलीत गेलो, म्हणजे सांगलीत आपण नाहीच. ही भाकरी खातोय तो कोण मग? असल्या विचारांना अंत नसतो आणि त्यांनी पोटही भरत नाही. लीलानं ताटातली भाकरी उचलून परत टोपलीत टाकली.

ताम्हणकर सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्या दिवशी नाथाजीनं त्यांच्यापुढं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चाचरत, मध्येच घसा खाकरत. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, निकम, आपण विचारलं, त्यांनी सांगितलं, आपण लिहिलं. ह्यात चूक कुठं आहे? नाथाजी म्हणाला, सर, धूर जास्त आहेत. धूर हा पुरावा नव्हे, असं सर म्हणाले. चिडून नव्हे, खरोखरच तसं वाटून. अहवाल गेला होता. आज एकानं म्हटलं म्हणून आकडा बदलला तर उद्या त्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील, आणि मग ह्या माणसांच्या बाजूनं बोलायला राहीलच काय? नाथाजीनं नुसती मान डोलावली. कारण तेही खरं होतं. पण सरांनी मग टोपी घातली, स्वतः पालिकेत गेले, तासभर बसले आणि एक सवलत पदरात पाडून घेऊन आले: येत्या रविवारी पालिकेचा कारकून वस्तीत जाईल, निकमांनी बरोबर राहावं, आणि चुली वेगळ्या आहेत असं जो आपल्या तोंडानं चारचौघांत सांगेल त्याची वेगळी जागा मांडली जाईल. तसं सांगितलं नाही तर वेगळी व्हायला काहीतरी कारण दाखवावं लागेल, वाटणीचा कागद, मृत्यू, जे असेल ते. "तुमच्या तोंडचं नको, निकम. त्यांच्या तोंडचं पाहिजे." जाता जाता सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं नाथाजीला धीर यायच्या ऐवजी वाटलं, की आता ह्यापुढं काही झालं तर ते फक्त आपलंच.

शनिवारी तो वस्तीत गेला. धोंडुबाईची तीन खोपटी एकमेकांना टेकून उभी होती, मधल्यात ती, थोरल्याचा संसार आणि तिची चूल. चूल होती खरी सुरेख. बाजूच्या वैलासकट मातीची, पोतेऱ्यानं सारवलेली, वर हळदीकुंकवाची बोटं. दुष्काळात घर सोडताना तिनं जुन्या चुलीची माती फडक्यात बांधून आणली होती आणि ती नव्या मातीत कालवली होती. बाकी दोन खोपटांच्या मागं धोंडे, काळे झालेले, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं, जसं घरातल्या कर्जाकडं पाव्हण्यासमोर कुणी बघत नाही. थोरला कोंडीबा यार्डातून नुकताच आलेला, खांद्यावर पोत्याचे वण. नाथाजीनं त्याला, मधल्या जोतीरामला आणि धाकट्या गुंडाला समोर बसवून समजावलं. उद्या तीन म्हणायचं. तीन चुली. एवढे दोन शब्द. आपलं बोलणं कधी गावाकडं वळलं ते त्याला कळलंच नाही, लय सोपं हाय, निस्तं तोंड उघडायचं, असं काहीबाही तो बोलत होता. कोंडीबा मान हलवत होता. त्याची बायको मनुबाई दाराआडून ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून नाथाजीला वाटलं, हिला विचारलं असतं तर हिनं केव्हाच सांगितलं असतं. पण कॉलेजच्या पोरांनी सुनांना विचारलं नव्हतं. तसं त्यांना त्यानंच शिकवलं होतं, घरातल्या थोर माणसाला विचारा म्हणून. धोंडुबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माज्या जित्तेपनी न्हाई, बाबा." आवाज चढला नाही. मेंढरं गेली, माळ गेला, गावचा देव तिकडं राहिला, घोंगडीसुद्धा विकली, हे सगळं तिनं सांगितलं, रडत नव्हे, हिशेब द्यावा तसं. आणि चूल तेवढी एक ठेवली. वस्तीत कुणी कुणापुढं कशाचा तोरा मिरवावा असं काय उरलं होतं? नाथाजी म्हणाला, आवं आजी, मग पाण्यात राहतील की दोघं. तिनं चुलीपुढची राख हातानं सारखी केली. मग म्हणाली, पोरं सांगत्याल ती सांगू देत, मी कान झाकून बसते. कोंडीबानं वस्तीच्या टोकापर्यंत येऊन शब्द दिला. "सांगतो की साहेब. त्यात काय हाय." पण हे म्हणताना तो नदीकडं बघत होता.

रविवारी कारकून आला तो आधीच वैतागलेला. सुट्टीचा दिवस, चिखल, आणि मागं लागलेली कुत्री. त्याचं नाव भाऊसो, धोतराचा सोगा हातात धरून तो धोंडुबाईच्या दारात पोत्याच्या तुकड्यावर बसला. वस्ती गोळा झाली होती. नाथाजी त्याच्या शेजारी, हातात कोरे कागद. चारचौघांत म्हणजे एवढे, असं त्याला वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या पुढं बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मागं तिचे लेक, आणि सगळ्यांचं लक्ष पहिला कोण काय म्हणतो इकडं. भाऊसोनं विचारलं, चुली किती? कोंडीबा उभा राहिला. त्यानं मुंडासं सारखं केलं, घसा साफ केला. नाथाजीच्या मनात तो शब्द इतक्या वेळा होऊन गेला होता, की त्याला क्षणभर वाटलं तो उच्चारला गेलाच. तीन म्हण, अरे तीन म्हण. धोंडुबाई कबूल केल्याप्रमाणं पदरानं कान झाकून बसली होती, पण डोळे उघडे होते आणि ते लेकावर होते. आणि मग नाथाजीला कोंडीबाच्या जागी आपले वडील दिसले, अंगणात बसलेले, मागं दोन धूर. आणि पुढं काय येणार ते त्याला ऐकायच्या आधीच कळलं. "एकच हाय," कोंडीबा म्हणाला.

भाऊसो म्हणाला, मग हेच तर आधी लिहिलंय, मला कशाला आणलं इथं?  मनुबाईनं तोंड फिरवलं. गुंडा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. त्याचं लग्न होऊन सहा महिने झाले नव्हते, खोपटाला अजून नवी पोती होती. कारकून उठायला लागला आणि नाथाजीनं त्याचा हात धरला, अक्षरशः धरला. आपण सांगितलेलं चालणार नव्हतं. तेवढ्यात म्हातारीनं कानावरचा पदर काढला.

"थांबा वो रावसाहेब," धोंडुबाई म्हणाली. "आईच्या माघारी चुली येगळ्या झाल्या, तर त्येला कोन नावं ठेवतंय का?"

भाऊसो म्हणाला, नाही, ती तर जगाची रीत आहे.

"मग मला मेली म्हनून लिवा."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. भाऊसोनं नाथाजीकडं बघितलं. माझ्या सहीला कारण लागतं, तो हलक्या आवाजात म्हणाला, मयत हे कारण चालेल. पण लिहायचं तुम्ही, प्रश्न तुमचा आहे. नाथाजी म्हणाला, आवं आजी, असं कसं लिहू, तुम्ही समोर बसलाय. तिनं त्याची समजूत काढली. तीच त्याची समजूत काढत होती, हे त्याच्या ध्यानात आलं. "मी कुटं जातीया? हितंच बसल्याली असनार. निस्तं लिवायचं हाय." निस्तं लिवायचं. सुबक अक्षर होतं त्याचं. त्यानं लिहिलं: धोंडुबाई, मयत. खाली कोंडीबा, एक चूल. दुसऱ्या कागदावर जोतीराम, एक चूल. तिसऱ्यावर गुंडा, एक. लिहिताना त्याला आपल्या आईचा विचार येत होता आणि तो विचार त्यानं दाबून ठेवला, कारण तो पुरता आला असता तर हात थांबला असता. आणि हात थांबून चालणार नव्हतं. गुंडाच्या बायकोनं हातातल्या बांगड्या उगाच मागंपुढं केल्या, एवढाच आवाज झाला.

मग पलीकडची रंगूबाई उठली. मलाबी मेल्याली मांडा म्हणाली, मला चार हाईत. तिच्यामागनं दगडाबाई. बघता बघता दाराशी म्हाताऱ्यांची रांग लागली, आणि एवढा वेळ गळ्याशी आलेला जीव सुटावा तशी सगळी वस्ती हसायला लागली. "तू कवा गेलीस गं?" "बेस्तरवारी." "मग दहावं जवळ आलं की, मला बुलव जेवायला." भाऊसो डोकं धरून म्हणाला, ह्या वस्तीत काय पटकी आली काय, आणि तोही हसला, आणि सही करत सुटला. नाथाजी लिहीत होता. मयत, मयत, मयत. ज्या त्या म्हातारीनं येऊन आपलं नाव नीट पडलं ना ते विचारलं, एकीनं तर बोट ठेवून दाखवायला लावलं. माणसं माळावर जाणार. सगळी जाणार, एकही पाण्यात राहणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि आनंद व्हायला हवा होता. तो होतही होता, खरंच होत होता. तरी नाव लिहिताना तो त्या त्या म्हातारीकडं बघायचं टाळत होता. ताम्हणकर सर हे कागद बघतील आणि वस्तीत म्हाताऱ्या बाया एकदम इतक्या का मेल्या ह्यावर नवा निबंध लिहायला घेतील, असं त्याच्या मनात आलं, आणि ते गमतीचं वाटायच्या ऐवजी भीतीचं वाटलं.

रांग संपवून कारकून वाटेला लागला तेव्हा दुपार कलली होती. धोंडुबाईनं नाथाजीला मात्र उठू दिलं नाही. तोंड कसं उतरलंय बघा म्हणाली. ती खुशीत होती, लेकांची सोय लावून मोकळी झालेल्या बाईसारखी. तिनं थोरल्या सुनेला हाक मारली. "मनू, साहेबास्नी च्या टाक."

मनुबाई उठली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं. उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात, तिला खरोखरच विचारायचं होतं.

"कंच्या चुलीवर?"

ह्या घरात आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जोतीरामची बायको सुलाबाई हलकेच म्हणाली, आमच्यात साखर सपलीया. आमच्यात. म्हटल्यावर तिलाच कसंतरी झालं असावं, कारण ती लगेच लेकराला घेऊन आत गेली. गुंडाची बायको आधीच आत गेली होती, आणि पोत्यामागनं भांडी हलवल्याचा आवाज येत होता, नवीन संसार लावतात तसा. कोंडीबा काहीतरी बोलायला गेला आणि त्यानं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. म्हातारी आळीपाळीनं तिन्ही दारांकडं बघत राहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच उठायला लागली, चुलीकडं जायला, आणि अर्ध्यात थबकली, पुन्हा खाली बसली. पिवळे हात मांडीवर. नाथाजी घाईनं म्हणाला, की तो चहा घेतच नाही, कधीच घेत नाही. तिनं ते ऐकलं नाही. ती त्याच्या हातातल्या कागदांकडं बघत होती.

"साहेब," तिनं विचारलं, "मग मला कुनाच्यात मांडलीया?"

त्यानं वर बघितलं नाही. "बघतो, आजी," तो म्हणाला, आणि तिच्या लेकांचे तिन्ही कागद पुन्हा एकेक करून उलटायला लागला.